बद्द

उद्यमनगरात, जिथं आधी लेथ चालायचे,
त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता भिंत उभी आहे,
प्लायवूडची, पुढं झुकलेली,
अंगभर रंगीत खुंट्या ल्यालेली.
वंगणाचा वास मात्र गेला नाही.
पहिल्या दिवशी तेवढाच ओळखीचा वाटला, म्हणून थांबले.

दिवसभर मी शिरोलीला कास्टिंग तपासते.
हातात छोटी हातोडी. खणकन वाजलं तर पास.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे,
डोळ्याला दिसो न दिसो.
एकोणीस वर्षं झाली. कान चुकलेला नाही.

सहा वाजता तोच हात
खडूच्या पिशवीत मनगटापर्यंत.

पिवळी वाट दिवाळीआधी जमली,
हिरवी संक्रांतीला.
मग काळी.
काळीच्या मधोमध एक कड,
ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी जाड,
तिच्यावर चार बोटं
आणि चार बोटांवर सगळी मी,
बेचाळीस वर्षांची, डब्यासकट, हप्त्यांसकट.

वजन उतरावं म्हणून रात्रीची भाकरी अर्धी केली.
सोमवारी गेले, मंगळवारी गेले, बुधवारी गेले.
गुरुवारी इम्रान मुल्लाणी म्हणाला, "ताई, आज नको."
मी म्हटलं, "एकदाच."
सातव्या एकदाच्याला
अनामिकेतून आवाज आला.
पंखा चालू होता, पोरं ओरडत होती,
कुणाला ऐकू गेला नसणार.
मला गेला.

डॉक्टर घाटगेबाईंनी कागदावर बोट काढलं,
हाड, दोरी,
आणि दोरी हाडाला धरून ठेवणाऱ्या
बारक्या बारक्या वाद्या.
"दंड लवकर तयार होतात हो," त्या म्हणाल्या,
"ह्या वाद्यांना वेळ लागतो. त्यांना कुणी विचारतच नाही."
मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.
अजून आहे, वीजबिलाच्या मागं.

दीड महिना कणीक पोरानं मळली.
त्याच्या चपात्यांचे नकाशे
मी दोन दोन खाल्ले, पोटभर, आणि
कितीतरी महिन्यांनी रात्री नीट झोपले.

कारखान्यात पोवार मिस्त्रींनी पट्टी बघितली.
"साचा लवकर फोडला की माल तडकतोय,
हे तुला म्या सांगायचं व्हय?"
आणि तापलेल्या वाळूकडं बघत उभे राहिले,
जणू तिलाच बोलले.

परत गेले तेव्हा पिवळ्या वाटेवर.
शेजारी अन्वी, वय अकरा,
पुढचे दोन दात मोठे, बोलणं त्याहून मोठं :
"काकू, तुम्ही पायांकडं बघतच नाही."
खरं होतं.
इतके दिवस मी हातांनीच चढत होते,
पाय नुसते सोबत आणले होते.

मग टाचा खाली सोडायला शिकले,
कंबर भिंतीजवळ न्यायला,
श्वास सोडायला, कारण
तो मी कधीपासून धरूनच ठेवला होता, कळलंच नव्हतं.
आज भिंत, तर उद्या रंकाळ्याला नुसती चक्कर.
चक्कर मारताना बोटं शिवशिवतात.
शिवशिवू देत.

काल काळीवर गेले.
त्या कडेपर्यंत पोचले, बोटं उघडी ठेवली, न मुडपता,
भार टाकला. थोडा. अजून थोडा.
अनामिका गप्प होती,
पण ते गप्प राहणं मला आवडलं नाही.
उतरले.
इम्राननं काही विचारलं नाही, दोर गोळा केला.
अन्वी म्हणाली, "एवढंच?"
एवढंच.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबले.
म्हैस समोर, धार समोर, फेस ओठाला.
रिकामा पेला ओट्यावर टेकवला
आणि डोकं जरासं कललं,
सवयीनं,
ऐकायला.